लिनक्सवर डीव्हीबी ड्रायव्हर आपोआप लोड का होईना: एका वसतिगृहाचं प्रकरण

मुंबईतलं एक विद्यार्थी वसतिगृह. गच्चीवर फ्री डिशची छत्री, तळमजल्यावरच्या ऑफिसात कपाटामागे एक जुना डेस्कटॉप, आणि त्याच्यावरून नेटवर्कने सगळ्या मजल्यांवर पोचणारी चॅनलं. डेस्कटॉपवर डेबियन ११ हे लिनक्स. आत पीसीआय-एक्सप्रेसचं उपग्रह कार्ड, मागे यूएसबीला लावलेली डीव्हीबी-टी२ स्टिक (डीव्हीबी म्हणजे डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाची मानकं; टी२ हे त्यातलं जमिनीवरच्या प्रक्षेपणाचं). कार्ड ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून डीडी फ्री डिश घेतं. मुलांना त्यातली स्वयंप्रभाची शैक्षणिक चॅनलं हवी असतात (क्रिकेटही हवं असतं, पण अर्जात तसं कोणी लिहीत नाही). मुंबईचा पाऊस जोरात आला की उपग्रहाचा केयू बँडचा सिग्नल जातो. अशा वेळी स्टिक कामाला येते, कारण ती वरळीच्या मनोऱ्यावरून येणारं दूरदर्शनचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण पकडते. दोन्हीकडून आलेला प्रवाह नेटवर्कवर सोडायचं काम मूमूडीव्हीबी हा छोटा प्रोग्रॅम करतो. त्याच्या दोन प्रती चालतात. एकीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कार्ड=०’, म्हणजे उपग्रह; दुसरीत ‘कार्ड=१’, म्हणजे स्टिक.

एका रात्री बराच वेळ वीज गेली, यूपीएस संपला, सकाळी मशीन पुन्हा सुरू झालं आणि दोन्ही बंद. रेक्टर म्हणाले, “अहो, स्टिकचा दिवा तर लागतोय. दोन्ही वस्तू एका रात्रीत एकदम कशा जातील?” प्रश्न अगदी नेमका होता. दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या बसवरची यंत्रं एकत्र मरत नाहीत. बिघाड दोघांच्या मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये असणार.

विजेमुळे काही जळलं नव्हतं. विजेने मशीन रीबूट केलं, एवढंच. डेबियनचे सुरक्षा अपडेट त्या मशीनवर आपोआप बसत होते आणि नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम, काही आठवड्यांपूर्वीच डिस्कवर येऊन पडला होता. पण कर्नल नुसता बसवून चालू होत नाही, रीबूट लागतो. त्यामुळे बदल एका दिवशी झाला आणि परिणाम कितीतरी नंतर दिसला. अशा वेळी जे शेवटचं डोळ्यांसमोर घडलं त्याच्यावरच सगळे बोट ठेवतात. इथे ते विजेवर ठेवलं गेलं.

टर्मिनल उघडून आधी ‘/डेव्ह/डीव्हीबी’ हे फोल्डर पाहिलं; चालू झालेली डीव्हीबी यंत्रं तिथे दिसतात. तिथे ‘अ‍ॅडॅप्टर०’ हे एकच फोल्डर होतं, दोन हवी होती. ‘डीव्हीबी-एफई-टूल’ने विचारलं तर त्या अ‍ॅडॅप्टर०चा फ्रंटएंड, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, टी२ जातीचा निघाला. म्हणजे स्टिक जिवंत होती, पण शून्य नंबर घेऊन बसली होती. उपग्रहाची मूमूडीव्हीबी बिचारी स्टिकलाच ११०९० मेगाहर्ट्झ, उभं ध्रुवीकरण, २९५०० सिंबल रेट असं सांगत होती, आणि स्टिकला उपग्रहाची भाषाच येत नाही. दुसरी प्रत अ‍ॅडॅप्टर१ शोधत होती, तो अस्तित्वात नव्हता. एक कार्ड गैरहजर राहिल्याने दोन्ही सेवा आडव्या झाल्या होत्या. रेक्टरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

उरलेलं अर्धं: कार्ड का आलं नाही? ‘एलएसपीसीआय’ला ‘-एनएनके’ हा पर्याय लावला की प्रत्येक पीसीआय यंत्राचा ओळख क्रमांक, त्याचा सबसिस्टिम क्रमांक, त्याला जोडलेला ड्रायव्हर आणि त्याला चालू शकणारी मॉड्यूल्स (हवी तेव्हा कर्नलमध्ये चढवता येणारे ड्रायव्हर) असं सगळं दिसतं. कार्ड तिथे होतं, क्रमांक १एडीई:३०३८. चालू शकणारं मॉड्यूल म्हणून ‘एसएमआयपीसीआयई’ हे नाव येत होतं. ‘सध्या वापरात असलेला ड्रायव्हर’ ही ओळ मात्र नव्हतीच. या दोन ओळींमधला फरक फार बोलका असतो. मॉड्यूलचं नावही आलं नसतं, तर कर्नलला हे कार्ड ठाऊकच नाही असा अर्थ झाला असता आणि बाहेरून ड्रायव्हर आणणं भाग पडलं असतं. इथे कर्नलला कार्ड ठाऊक होतं, ड्रायव्हर डिस्कवर होता, फक्त कोणीतरी तो लोड होऊ देत नव्हतं.

इथे थोडं थांबून ही साखळी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कर्नलला बसवर एखादं यंत्र सापडलं की तो त्याचे क्रमांक एका ओळीत गुंफतो: कुठल्या कंपनीची चिप, कुठलं मॉडेल, कार्ड बनवणाऱ्याचा सबसिस्टिम क्रमांक, यंत्राचा वर्ग. या ओळीला मॉडएलियास म्हणतात. ती युडेव्ह या यंत्रं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाते. युडेव्ह ती त्या कर्नलच्या ‘मॉड्यूल्स.एलियास’ या तक्त्यात शोधतो, जुळणारं मॉड्यूल सापडलं की ते आणि त्याला लागणारी बाकीची मॉड्यूल्स चढवतो. हा तक्ता कोणी हाताने लिहीत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने कोडमध्येच ‘मी या या क्रमांकांची कार्डं चालवतो’ असं जाहीर केलेलं असतं, आणि ‘डेपमॉड’ सगळ्या मॉड्यूल्समधून ते वेचून तक्ता बनवतो. दर कर्नलचा तक्ता वेगळा, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये.

डीव्हीबी कार्डात याच्या पुढे आणखी एक पायरी असते. पीसीआय बसला दिसते ती फक्त ब्रिज चिप. सिग्नल उकलणारा डिमॉड्युलेटर आणि वारंवारता निवडणारा ट्यूनर तिच्या मागे आयटूसी या छोट्या अंतर्गत बसवर बसलेले असतात आणि पीसीआयला ते दिसतच नाहीत. म्हणून ब्रिजचा ड्रायव्हर आधी चढतो, सबसिस्टिम क्रमांकावरून ‘हे अमुक मॉडेल’ असं ओळखतो आणि मग स्वतः कर्नलला सांगून डिमॉड्युलेटरचं मॉड्यूल मागवतो. या कार्डावर तो डिमॉड्युलेटर माँटेजचा एम८८डीएस३१०३ होता. स्टिकचंही असंच: यूएसबीवर दिसतो तो ‘ईएम२८एक्सएक्स’, तो ‘ईएम२८एक्सएक्स-डीव्हीबी’ला बोलावतो, आणि तो सिलिकॉन लॅब्जचा एसआय२१६८ आणि त्याचा ट्यूनर यांना. एवढी वरात व्यवस्थित निघते आणि ती काढण्यासाठी माणसाला काहीही लिहावं लागत नाही. बूटच्या वेळी चढवायच्या मॉड्यूल्सची नावं ‘/ईटीसी/मॉड्यूल्स’मध्ये लिहून ठेवायची सवय अनेकांना असते. माझं मत असं की टीव्ही कार्डासाठी ती फाइल उघडायची वेळ आलीच तर आधी वरातीत कोण अडलंय ते शोधावं. नाव लिहून गाडी चालते, पण अडलेलं तसंच अडलेलं राहतं आणि पुढच्या कर्नलला पुन्हा समोर येतं.

इथे कोण अडवत होतं? मॉड्यूल चढवणाऱ्या ‘मॉडप्रोब’ला ‘--शोकॉन्फिग’ दिलं की तो सगळ्या कॉन्फिग फाइली एकत्र करून दाखवतो. त्यात ‘ब्लॅकलिस्ट’ (बंदी) हा शब्द शोधला. दोन ओळी सापडल्या, एक एसएमआयपीसीआयईची, दुसरी ईएम२८एक्सएक्सची. दोन्ही ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मधल्या एका घरगुती फाइलमध्ये. आणि त्यांचा जोडीदार बूटच्या शेवटी चालणाऱ्या ‘/ईटीसी/आरसी.लोकल’ या स्क्रिप्टमध्ये होता. तिथे आधीच्या तंत्रज्ञाने ‘इन्समॉड’च्या पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या, प्रत्येकीत मॉड्यूलच्या फाइलचा पूर्ण पत्ता, मग ‘स्लीप १०’, मग ‘मॉडप्रोब ईएम२८एक्सएक्स’.

पहिल्या नजरेला हा गोंधळ वाटतो, पण यामागे विचार होता. दोन यंत्रं असली की बूटच्या वेळी जो आधी उठेल तो शून्य नंबर घेतो. आज कार्ड, उद्या स्टिक. मूमूडीव्हीबीच्या फाइलमध्ये नंबर ठरलेला, त्यामुळे कधी चालायचं, कधी नाही. म्हणून त्याने दोघांनाही आपोआप उठायला बंदी केली आणि स्वतःच्या हाताने क्रमाने उठवलं. ब्लॅकलिस्टचा एक बारकावा त्याला नीट माहीत होता, जो पुष्कळांना माहीत नसतो: ब्लॅकलिस्ट केलेलं मॉड्यूल फक्त एलियासवरून चढत नाही, नाव घेऊन मॉडप्रोब केलं तर बिनतक्रार चढतं. म्हणूनच स्टिक त्या सकाळीसुद्धा उठली होती.

कार्ड मात्र इन्समॉडवर होतं, आणि इन्समॉडच्या पत्त्यात जुन्या कर्नलचा पूर्ण आवृत्ती क्रमांक होता. इन्समॉड हे अगदी साधं हत्यार आहे. दिलेली फाइल उचलतो आणि कर्नलच्या गळ्यात घालतो. तक्ता पाहत नाही, अवलंबून असलेली मॉड्यूल्स शोधत नाही. जुना कर्नल डेबियनने डिस्कवर ठेवलेलाच होता, त्यामुळे फाइल सापडत होती. पण नव्या कर्नलने तिच्यावरचा शिक्का वाचून ती नाकारली. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, व्हर्शन मॅजिक (हाच शिक्का) जुळत नसल्याच्या ओळी ओळीने पडल्या होत्या. एकामागून एक सगळे इन्समॉड फसले, स्क्रिप्ट तशीच पुढे गेली, दहा सेकंद थांबली आणि स्टिक चढवली. स्टिकला मोकळा मिळालेला पहिला नंबर शून्य.

पण मुळात इन्समॉड का? जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्ये डोकावल्यावर ते कळलं. कार्डासोबत विक्रेत्याने दिलेला ड्रायव्हर तिथे होता, आणि तो एका मॉड्यूलपुरता नव्हता. कर्नलचा संपूर्ण मीडिया विभागच, डीव्हीबी-कोअरपासून सगळा, दुसऱ्या आवृत्तीचा आणून बसवलेला होता. सोबतच्या सूचनापत्रात आधी ‘कर्नल/ड्रायव्हर्स/मीडिया’ हे फोल्डर समूळ काढून टाका असं लिहिलेलं. ही ओळ कुठल्याही सूचनापत्रात असू नये. त्या फोल्डरमध्ये फक्त टीव्ही कार्डं नसतात, वेबकॅमचाही ड्रायव्हर तिथेच असतो, आणि सगळ्यांचा सामाईक गाभाही. तो बदलला की बाहेरचं एखादं मॉड्यूल जुन्या गाभ्याची ओळख सांगत येतं आणि ‘सिंबलच्या आवृत्तीवर मतभेद’ अशा चमत्कारिक संदेशासकट बाहेर पडतं. शिवाय हे सगळं त्या एका कर्नलपुरतं. पुढच्या अपडेटला नवं फोल्डर येतं, त्यात डेबियनची मूळ मॉड्यूल्स असतात आणि विक्रेत्याच्या कष्टांवर पाणी पडतं.

आता उपाय. आरसी.लोकलमधल्या ओळी काढल्या, ब्लॅकलिस्टची फाइल काढली. नंबरांची शर्यत मिटवण्यासाठी डीव्हीबी ड्रायव्हरांकडे स्वतःचाच पर्याय असतो, ‘अ‍ॅडॅप्टर_एनआर’. मॉडप्रोब.डीमध्ये नवी फाइल केली आणि दोन ओळी लिहिल्या: एसएमआयपीसीआयईला अ‍ॅडॅप्टर_एनआर=०, ईएम२८एक्सएक्स_डीव्हीबीला अ‍ॅडॅप्टर_एनआर=१. दोन्ही लिहिणं आवश्यक आहे. फक्त कार्डालाच शून्य बांधून दिला आणि स्टिक मोकळी सोडली, तर स्टिक आधी उठून शून्य घेऊ शकते. मग कार्डाला तो नंबर मिळत नाही. पर्याय ‘ईएम२८एक्सएक्स’ला न लावता ‘_डीव्हीबी’वाल्या जोडमॉड्यूलला लावायचा, ही दुसरी ठेच. कुठल्या मॉड्यूलला कोणता पर्याय चालतो ते ‘मॉडइन्फो’ सांगतो.

रीबूट केलं. अ‍ॅडॅप्टर० उपग्रह, अ‍ॅडॅप्टर१ स्टिक. एलएसपीसीआयमध्ये ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ आला. ‘एलएसमॉड’मध्ये सगळी वरात हजर. स्टिकची चॅनलं लागलीच दिसू लागली. उपग्रहाची मात्र नाहीत. मूमूडीव्हीबी ट्यून करायचा प्रयत्न करत होता आणि लॉक (सिग्नलवर पकड) मिळत नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा ही. इथून माणसं गच्चीवर जातात. छत्री हलवतात, एलएनबी (छत्रीवरचं सिग्नल घेणारं यंत्र) बदलतात, केबलचे कनेक्टर नवे टाकतात. गच्चीवर जाण्याआधी डीमेसेज पुन्हा वाचला. बूटच्या वेळच्या ओळींमध्ये काही गैर नव्हतं. पण मूमूडीव्हीबी सुरू झाल्याच्या क्षणाला एक नवी ओळ पडली होती: ‘डीव्हीबी-डिमॉड-एम८८डीएस३१०३.एफडब्ल्यू’ ही फर्मवेअर फाइल लोड करता आली नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइल नाही. ड्रायव्हर चढताना फर्मवेअर मागत नाही. फ्रंटएंड पहिल्यांदा कोणीतरी उघडतो तेव्हा मागतो. त्यामुळे कार्ड दिसतं, ड्रायव्हर दिसतो, /डेव्हमध्ये नोड दिसतो, सगळं हिरवंगार, आणि चिपच्या आत चालवायला प्रोग्रॅमच नसतो. स्टिकच्या एसआय२१६८चंही असंच असतं. तिची फाइल तिथे आधीपासून होती म्हणून ती चालली.

मग आधीच्या तंत्रज्ञाने विक्रेत्याचा ड्रायव्हर का आणला असावा, याचाही अंदाज बांधता येतो. कर्नलचा ड्रायव्हर चढलेला दिसला, लॉक मिळालं नाही, ‘कर्नलचा ड्रायव्हर या कार्डावर चालत नाही’ असा निष्कर्ष निघाला. विक्रेत्याच्या पाकिटात फर्मवेअर वेगळ्या नावाने होतं आणि त्याचा ड्रायव्हर तेच नाव मागत होता, म्हणून ते चाललं. सगळा मीडिया विभाग बदलण्याचा खटाटोप एका गहाळ फाइलपायी झालेला असणं अगदी शक्य आहे.

डेबियनची फर्मवेअर पॅकेजं त्या मशीनवर होती, पण ही फाइल त्यांच्यातून आली नव्हती. लिब्रेइलेक हा टीव्हीसाठीचा लिनक्स बनवणारे लोक डीव्हीबी फर्मवेअरचा एक संग्रह राखतात, तिथून ती घेतली आणि ‘/लिब/फर्मवेअर’मध्ये ठेवली. नाव अक्षरशः तेच हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. मूमूडीव्हीबी पुन्हा सुरू केला आणि लॉक मिळालं. युनिव्हर्सल एलएनबीचा खालचा ऑसिलेटर ९७५० चा, म्हणजे ११०९० ची वारंवारता केबलमधून १३४० मेगाहर्ट्झ होऊन येते. एवढं गणित एकदा करून ठेवलं की केबल आणि स्प्लिटर तपासताना सोपं जातं.

फर्मवेअरची परीक्षा घेताना मशीन नुसतं रीबूट करू नये. हा ड्रायव्हर चिपला आधी विचारतो की फर्मवेअर आत चालू आहे का. चालू असेल तर फाइलकडे बघतही नाही. म्हणून स्विच बंद करून, कॉर्ड काढून, थोडं थांबून मग सुरू केलं. यूएसबी स्टिकच्या बाबतीत तर हे फारच खरं, कारण मशीन बंद केल्यावरही कित्येक मदरबोर्डांवर यूएसबीला वीज चालू राहते. गार अवस्थेतून उठून दोन्ही सेवा आपोआप सुरू झाल्या, तेव्हाच हा भाग संपला असं धरलं.

राहिला ‘स्लीप १०’. तो काढल्यावर मूमूडीव्हीबी कधी कधी नोड तयार होण्याआधीच उठायचा आणि अ‍ॅडॅप्टर नाही म्हणून बंद पडायचा. इथे सेकंद मोजण्यापेक्षा सिस्टिमडीला (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) यंत्राची वाट पाहायला लावणं सरळ. सिस्टिमडी डीव्हीबीचे नोड मुळात लक्षात ठेवत नाही, म्हणून युडेव्हचा एकोळी नियम लिहिला: सबसिस्टिम ‘डीव्हीबी’ असेल तर त्याला ‘सिस्टिमडी’ ही खूण लाव. मग उपग्रहाच्या सेवेत ‘डेव्ह-डीव्हीबी-अ‍ॅडॅप्टर०-फ्रंटएंड०.डिव्हाइस’ हे ‘रिक्वायर्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्हीत घातलं, स्टिकच्या सेवेत तसंच अ‍ॅडॅप्टर१चं. परवानग्यांना हात लावायची गरज पडली नाही. डीव्हीबीचे नोड ‘व्हिडिओ’ गटाचे असतात आणि सेवा ज्या युजरखाली चालते तो त्या गटात होताच. हाताने नवा युजर करणारे हे विसरतात आणि मग रूटखाली चालतं, सेवेत चालत नाही, अशी तक्रार येते.

जुन्या कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवून त्याचं मीडिया फोल्डर मूळपदावर आणलं. नवा कर्नल कधी रुसला तर ग्रब या बूट मेनूमधून जुन्यावर जाता यावं, आणि तिथेही हीच व्यवस्था चालावी म्हणून.

कार्ड खरोखरच कर्नलला ठाऊक नसतं, तर विक्रेत्याचा स्रोत वापरावाच लागला असता. तेव्हाही मी मीडिया फोल्डर पुसणारं काही घेतलं नसतं. डीकेएमएसमध्ये नोंदवता येईल तेवढंच मॉड्यूल घ्यावं, कर्नलचे हेडर नेहमी बसत राहतील असं मेटापॅकेज ठेवावं, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसोबत ते आपलं आपण बांधलं जातं. मशीनवर सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतःची चावी मोकयुटिलने नोंदवून मॉड्यूलवर सही करावी लागते. नाहीतर कर्नल ‘चावी नाकारली’ म्हणून ते परत पाठवतो, आणि पाहणाऱ्याला ड्रायव्हरच खराब आहे असं वाटतं.

पुढे डेबियन १२ आलं, म्हणजे कर्नल ५.१० वरून ६.१. त्या आवृत्तीत फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग झाला, त्यामुळे पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीच्या स्रोतांच्या यादीत तेवढा शब्द वाढवावा लागला. हाताने ठेवलेली एम८८डीएस३१०३ची फाइल कुठल्याच पॅकेजच्या मालकीची नसल्याने अपग्रेडने तिला हात लावला नाही. रीबूटनंतर कार्ड शून्यावर आणि स्टिक एकवर आली. मशीन नव्याने बसवायची वेळ आली तर मात्र ती फाइल आपोआप येणार नाही. म्हणून तिची प्रत, मॉडप्रोब.डीमधली दोन ओळींची फाइल, युडेव्हचा नियम आणि दोन्ही सेवांच्या फाइली एका पेनड्राइव्हवर टाकून रेक्टरांच्या कपाटात ठेवल्या आहेत. पेनड्राइव्हवर ‘टीव्ही मशीन’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे आणि त्याच्यासोबत छत्रीच्या एलएनबीचं बिलही ठेवलं आहे.